बार आणि बंदूक: शुक्रनीतींतील अग्निचूर्णाचें वय

विक्रोळी येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या आजोबांच्या वेळची एक शिकारी ठासणीची बंदूक आहे. खाडीवरील खाऱ्या वाऱ्यानें तिची नळी गंजून गेली असून ती आतां केवळ भिंतीची शोभा उरली आहे. मध्यंतरीं त्यांनीं आम्हांस सहज विचारलें कीं, हिचा बार किती मापाचा असेल, आणि संस्कृत ग्रंथांत त्याचा कांहीं उलगडा आहे काय? प्रश्न साधा, परंतु त्याचा शोध घेतां घेतां आमच्या एका जुन्या मतासच धक्का बसला. तें मत शिक्षकी पेशांत असतां आम्ही पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. म्हणून त्याची दुरुस्तीही उघडपणें करणें प्राप्त आहे.

तें मत असें: शुक्रनीतींत बंदूक व दारू यांचें वर्णन आहे, शुक्राचार्य अतिप्राचीन, म्हणून बंदूक ही प्राचीन भारतीयांची विद्या होय. मद्रासचे संस्कृतपंडित गुस्ताव ऑपर्ट यांनीं इ. स. १८८० त हाच पक्ष हिरिरीनें मांडला होता. स्वाभिमानास तो गोड वाटला, व आम्हींही तो पारखून न घेतां स्वीकारला.

आतां मूळ ग्रंथाकडे वळूं. शुक्रनीति लघुनालिक म्हणून जें शस्त्र वर्णिते, त्यास पांच वितस्तींची नळी, नेम धरण्यासाठीं दोन तिलबिंदु, लांकडी दस्ता व ठासण्याचा गज हीं सर्व अंगें आहेत. बार भरण्याचा क्रमही दिला आहे: आधीं नळी साफ करावी, मग दारू घालून गजानें ठासावी, वर गोळी सोडावी, व शेवटीं कानांत दारू घालावी. दारूसाठीं सोरा पांच भाग, गंधक एक व कोळसा एक असें प्रमाण असून, नालास्त्रासाठीं सोरा सहा किंवा चार भागही चालेल असा विकल्प आहे. सहा भाग धरले तर सोरा शेंकडा ७५ पडतो. अर्वाचीन युरोपीय दारूंतही तो तितकाच असे. केवळ या साम्यावरून काल ठरत नाहीं, हें खरें. पण नळीच्या कानापाशीं यंत्राच्या आघातानें ठिणगी पाडणारा दगड सांगितला आहे, ही गोष्ट निर्णायक होय. ही चकमकीची बंदूक झाली. ती युरोपांत सतराव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झाली. तत्पूर्वीं हिंदुस्थानांत आलेली बंदूक तोड्याची होती.

याच प्रकरणांत असेंही म्हटलें आहे कीं, नळी जितकी कणखर, भोंक जितकें रुंद व गोळी जितकी मोठी, तितका मारा लांबचा. हें अनुभवाचें वाक्य आहे. अबुल फज्ल आईन-इ-अकबरींत लिहितो कीं, पूर्वीं नळी चतुर्थांशाहून अधिक भरतां येत नसे. अकबराच्या कारखान्यांतील नळ्या तोंडापर्यंत भरल्या तरी फुटत नसत. अकबराची ‘संग्राम’ नांवाची आवडती बंदूक शिकारींतही वापरली जाई. बाराची मर्यादा लोहाराच्या हातोडीनें ठरे, हाच याचा अर्थ.

पुढें मध्यप्रांतांत अधिकारी असलेल्या जेम्स फॉर्सिथ यांनीं इ. स. १८६३ त शिकारी रायफलीवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. नळींतील पेचदार खाचांचा वेढा जलद असला व दारू जास्त घातली, तर गोल गोळी खाचा सोडून सरळ सुटते व नेम चुकतो. म्हणून त्यांनीं वेढा अगदीं मंद ठेवून दारू वाढविण्याचा पुरस्कार केला. त्यामुळें रानांतील नेहमींच्या अंतरावर गोळी फारशी खालीं न पडतां जाई. सारांश, बार हा कधींच सुटा नसतो. तो विशिष्ट बंदुकीचाच असतो.

हाच न्याय पोथीस लावला पाहिजे. शुक्रनीतींतील बार चकमकीची बंदूक गृहीत धरतो; तेव्हां निदान तें प्रकरण सतराव्या शतकाच्या अलीकडचें ठरतें. लल्लनजी गोपाल यांनीं इ. स. १९६२ त सबंध ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील ठरविला आहे. कोणी म्हणेल, प्रकरण प्रक्षिप्त, ग्रंथ प्राचीन. तसें मानलें तरी प्रक्षिप्त भागावरून प्राचीन बंदूक सिद्ध होत नाहीं. आमचें मत चुकलें, हें आम्ही मान्य करतों.

यांत मानहानि मुळींच नाहीं. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं ओरिसाच्या प्रतापरुद्रदेवाच्या (इ. स. १४९७–१५३९) कौतुकचिंतामणींतील दारूकामाच्या कृति उजेडांत आणल्या. निश्चित कालाची अशी एक कृति अनिश्चित कालाच्या शंभर श्लोकांहून मोलाची आहे.

स्नेह्यांस आम्हीं कळविलें कीं, हिचा बार पोथींतून निघणार नाहीं. जुने बरकंदाजही थोड्या दारूपासून आरंभ करून, नळीचा कस पाहत माप वाढवीत. इ. स. १८८४ त निघालेली धूरविरहित दारू त्याच मापानें भरली तर अशी नळी हातांतच फुटावयाची. हिनें भिंतीवरच राहावें.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, जुन्या बाडांत दारूच्या कृतीचें सुटें पान आढळल्यास तें रद्दींत टाकूं नये. मासे-तोळ्यांसह त्याची नक्कल करावी, आणि बंदूक तोड्याची कीं चकमकीची याचा लहानसा उल्लेख असला तरी तो गाळूं नये. काल तेथेंच दडलेला असतो.