हजूर बझार

परवा पुतणी दोन दिवसांची कार्यशाळा करून आली. विषय अर्थातच डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. हल्ली कोल्हापुरातल्या कॉलेजांत हे नेहमीचंच झालंय. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, पिशवीत प्रमाणपत्र. स्वारी खुशीत होती.

"काका, मी मॉडेल ट्रेन केलं. ब्याण्णव टक्के ॲक्युरसी!"

"म्हणजे नक्की काय केलंस?"

"मॅक्सिमम लाइकलीहुड काढलं. म्हणजे... सरांनी दिलेल्या ओळी टाईप केल्या आणि रन केलं."

मला हसू आलं आणि लगेच ओशाळायलाही झालं. कारण १९८०च्या दशकात याच गावात संख्याशास्त्र शिकताना मी तरी दुसरं काय करत होतो? फरक इतकाच, की ती टाईप करते, मी घोकत होतो.

नातेवाईक मंडळींसाठी आधी हे लाइकलीहुड प्रकरण सांगतो. समजा, मार्केट यार्डात गुळाची मोठी आवक आली. सगळे रवे फोडून बघणं शक्य नाही. तुम्ही दहा रवे तपासले, तीन कमी प्रतीचे निघाले. मग सगळ्या मालात कमी प्रतीचे किती? १० टक्के धरले, तर दहात नेमके तीन निघण्याची शक्यता सुमारे ६ टक्के येते. ५० टक्के धरले तर १२ टक्के. ३० टक्के धरले तर जवळजवळ २७ टक्के. म्हणून ३० म्हणायचं. जे डोळ्यांनी पाहिलं ते ज्या अंदाजाने सगळ्यात जास्त संभवतं, तो अंदाज खरा मानायचा. आर. ए. फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली ही रीत पद्धतशीर मांडली. आज गप्पा मारणारी जी यंत्रं आहेत, त्यांनाही शिकवताना मूळ सूत्र हेच असतं: समोरच्या मजकुरात पुढचा शब्द जास्तीत जास्त संभाव्य ठरेल असे आकडे शोधायचे.

पण या रीतीत एक शंका राहते. गणित करून जे उत्तर आलं, ते खरंच शिखर आहे का? की मधलीच एखादी टेकडी, किंवा चक्क खड्डा? या शंकेचं उत्तर देणारं एक प्रमेय आम्हाला होतं. माल पुरेसा तपासत गेलात, तर खऱ्या किमतीकडे सरकत जाणारं उत्तर हे शिखरच असणार, अशी खात्री वाढत वाढत पूर्णाच्या जवळ जाते, असा त्याचा मथितार्थ. आमच्या क्रमिक पुस्तकात त्याचं नाव इंग्रजीत असं काही छापलं होतं, की मी ते "हजूर बझार" असं वाचायचो. कुणी इराणी गणिती असावा अशी माझी समजूत! परीक्षेत उत्तर लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला.

बऱ्याच वर्षांनी कळलं. हजूर बझार नव्हे, हुजूरबाजार. वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म १५ सप्टेंबर १९१९, गाव कोल्हापूर!

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, इथे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघून दोनच वर्षं झालेली, तेव्हाचा जन्म. पुढे हा माणूस केंब्रिजला गेला, हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट झाला. गंमत म्हणजे जेफ्रीज आणि फिशर यांचे मतभेद जगजाहीर, आणि जेफ्रीजच्या या शिष्याने १९४८ साली फिशरच्या रीतीला आधार देणारा निबंध लिहिला. तेच आमचं प्रमेय. १९५३ पासून त्यांनी पुणे विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. १९६० चं ॲडम्स पारितोषिक, १९७४ साली पद्मभूषण. १९९१ साली ते गेले.

म्हणजे मी त्यांना इराणी समजून घोकत होतो, तेव्हा ते हयात होते आणि अमेरिकेत डेन्व्हरला शिकवत होते. एखादं पत्र सहज लिहिता आलं असतं. ही चुटपुट अजून जात नाही.

पुतणीला हे सगळं सांगितलं. "कार्यशाळेत त्यांचं नाव निघालं?" नव्हतं निघालं. पण माझं दुःख निव्वळ गावाच्या अभिमानाचं नाही. नाव हरवतं तेव्हा त्या माणसाने विचारलेला प्रश्नही हरवतो. हुजूरबाजारांचं प्रमेय आंधळं नाही, त्याला अटी आहेत. मुळात मांडणी योग्य हवी, गणित सरळ वळणाचं हवं. न्यूरल नेटवर्कमध्ये सारख्याच उंचीची असंख्य शिखरं असतात, तिथे हे प्रमेय जसंच्या तसं चालत नाही. आणि दहाचे दहा रवे गाडीच्या वरच्या थरातूनच उचलले असतील, तर कुठलंच प्रमेय वाचवणार नाही. अटी न बघता बटण दाबणं आणि अर्थ न कळता घोकणं, ही दोन्ही एकाच माळेची मणी.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, पण तो ब्याण्णव टक्क्यांचा डेटा कुठनं गोळा केला होता, हे आम्ही विचारलंच नाही की."

"मग विचार की! सरांना फोन कर."

केला तिने. सरांनाही ठाऊक नव्हतं. बघून सांगतो म्हणाले. असो. प्रमाणपत्र तिने भिंतीला लावलंय, आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात एक नाव लिहिलंय. या वेळी स्पेलिंग बरोबर आहे.