स्वादुपिंडाचा कर्करोग : शस्त्रक्रिया, अवस्था-निश्चिती आणि आयुर्मानाचे आकडे

स्वादुपिंड हे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले इंद्रिय. त्याच्या कर्करोगाची लक्षणे उशिरा प्रकट होतात. निदानाच्या वेळी शंभरांपैकी सुमारे १५ ते २० रुग्णांचीच गाठ काढण्याजोगी असते. या मोजक्या रुग्णांचा प्रश्न एकच असतो : शस्त्रक्रियेनंतर आयुष्य किती? त्याचे उत्तर आकड्यांत दिले जाते. हे आकडे कसे घडत गेले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१८९८ मध्ये इटलीत कोदिव्हिला यांनी स्वादुपिंडाचे शीर्ष व लगतचे आतडे काढले. रुग्ण महिनाभरही जगला नाही. १९०९ मध्ये बर्लिनचे काउश यांनी ही शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत यशस्वी केली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे अॅलन व्हिपल यांनी तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि शस्त्रक्रियेला त्यांचेच नाव मिळाले. कावीळ झालेल्याचे रक्त नीट गोठत नसे, म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची आणि काही आठवड्यांनी गाठ काढायची, अशी त्यांची पद्धत होती. मात्र ते तिन्ही रुग्ण पित्तनलिका आतड्यात जेथे उघडते त्या मुखाच्या कर्करोगाचे होते. हा रोग स्वादुपिंडाच्या कर्करोगाहून पुष्कळ सौम्य. पुढे १९४० मध्ये व्हिपल यांनी जठराची गाठ समजून पोट उघडले, ती स्वादुपिंडाची निघाली, आणि सारे एकाच बैठकीत उरकावे लागले. ती स्त्री नंतर सुमारे नऊ वर्षे जगली. परंतु तिची गाठही नेहमीची नव्हती, संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींची होती. या शस्त्रक्रियेच्या कीर्तीचा पाया असा वेगळ्याच रोगांवर रचला गेला, हे विसरता येत नाही.

त्यानंतरची काही दशके निराशेची होती. शस्त्रक्रियेतच चार-पाचांपैकी एक रुग्ण दगावत असे. १९७० मध्ये जॉर्ज क्राइल (कनिष्ठ) यांनी तर गाठ काढण्यापेक्षा पित्ताला पर्यायी मार्ग देणेच हितावह, असे मत मांडले. ते आज कठोर वाटते, तेव्हा तसे नव्हते. १९९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील कॅमेरॉन व सहकाऱ्यांनी सलग १४५ शस्त्रक्रिया एकाही मृत्यूविना झाल्याचे नोंदवले. हे यश निर्विवादपणे शल्यविशारदांचे, अतिदक्षता विभागाचे आणि अनुभवाच्या केंद्रीकरणाचे आहे.

दीर्घ आयुर्मानाचे श्रेय वाटणे इतके सोपे नाही. फ्रान्सचे पिएर डनुआ यांनी १९४० च्या दशकात गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरचा प्रसार या तीन निकषांवर कर्करोगाची अवस्था ठरवण्याची 'टीएनएम' पद्धत मांडली. पुढे ती जगभर रूढ झाली. परंतु ही मोजपट्टी स्वतःच बदलत राहिली. १९८५ मध्ये फाइन्स्टाइन व सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संदर्भात एक चमत्कारिक बाब दाखवली. नव्या तपासण्यांनी सूक्ष्म प्रसार दिसू लागला की, आरंभीच्या अवस्थेतील सर्वांत गंभीर रुग्ण पुढच्या अवस्थेत जातात. तेथे मात्र तेच तुलनेने बरे ठरतात. त्यामुळे दोन्ही अवस्थांची सरासरी सुधारते आणि एकही रुग्ण एक दिवसही अधिक जगलेला नसतो! स्वादुपिंडाच्या जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करतानाही हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठव्या आवृत्तीने गाठ स्वादुपिंडाबाहेर गेली की नाही, हा निकष सोडला आणि २ व ४ सेंटिमीटर या आकारसीमा घेतल्या. बाधित लसिकाग्रंथींची संख्याही मोजली जाऊ लागली. गाठ तीच, अवस्था वेगळी.

गाठ 'पूर्ण निघाली' या शब्दांचेही तसेच. २००६ मध्ये लीड्स येथे व्हर्बेके व सहकाऱ्यांनी काढलेल्या भागाचे पातळ काप घेऊन काटेकोर तपासणी केली, तेव्हा सुमारे ८५ टक्के नमुन्यांच्या कडेशी कर्करोग आढळला.

आयुर्मानात खरी भर पडली ती शस्त्रक्रियोत्तर रसायनोपचाराने. २००४ च्या युरोपीय चाचणीत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण उपचाराविना ८ टक्के, तर उपचारासह २१ टक्के होते. २०१८ च्या फ्रेंच-कॅनेडियन चाचणीत चार औषधांच्या संयुक्त उपचाराने मध्यक आयुर्मान ५४.४ महिन्यांवर गेले. तुलनेच्या गटात ते ३५ महिने होते. मात्र या चाचणीत रुग्ण घेतले गेले ते शस्त्रक्रियेनंतर ३ ते १२ आठवड्यांनी, प्रकृती सावरलेले आणि रोग उरल्याची चिन्हे नसलेले. ज्यांचा घाव भरला नाही, ज्यांना अशक्तपणाने औषध सोसवले नसते, ते या मोजणीत आलेच नाहीत.