मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता आणि रक्तस्राव : शवविच्छेदनाचा अहवाल कसा समजून घ्यावा?

घरातला तरणाताठा माणूस अचानक कोसळतो आणि उपचार मिळण्याआधीच जातो. ‘बीपी नव्हता, शुगर नव्हती, मग झाले काय?’ हा प्रश्न घेऊन नातेवाईक शवविच्छेदनाचा अहवाल दाखवायला येतात. त्यातील मुख्य शब्दांचा अर्थ येथे देत आहे.

शवविच्छेदन का करतात?

कारण न कळता झालेल्या आकस्मिक मृत्यूची पोलिसांकडे नोंद होते. १ जुलै २०२४ पासून हा तपास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होतो. छावणीत घरी असा मृत्यू झाल्यास छावणी पोलीस पंचनामा करतात आणि मृतदेह बहुधा घाटी रुग्णालयात पाठवला जातो. याचा अर्थ घरच्यांवर संशय आहे असा नाही.

रक्तस्रावाच्या जागेवरून कारण कळते

- मेंदूच्या तळाशी, आवरणाखाली रक्त : मार लागलेला नसेल तर बहुतेकदा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, फुटलेला असतो.
- मेंदूच्या खोल भागात रक्त : याचे नेहमीचे कारण उच्च रक्तदाब. अशा वेळी हृदयाचा डावा कप्पाही अनेकदा जाड झालेला आढळतो.
- एव्हीएम : धमन्या आणि शिरा केशवाहिन्यांशिवाय थेट जोडल्या गेल्याने झालेला गुंता. धमनीचा जोरदार दाब थेट शिरेवर येतो आणि कमकुवत भिंत फुटते.
- कॅव्हर्नोमा : तुतीच्या फळासारखा दिसणारा, पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचा पुंजका.

गुंत्याभोवती तपकिरी डाग (हिमोसिडेरिन) असतील तर पूर्वीही थोडा रक्तस्राव होऊन गेला होता, असे समजावे.

‘मत राखून ठेवले’ म्हणजे काय?

मेंदू मऊ असतो. तो नीट कापून पाहण्यासाठी काही वेळा फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे किंवा जास्त ठेवतात, मग तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. म्हणून अंतिम मत उशिरा येते. छोटा गुंता रक्तस्रावात नष्टही होऊ शकतो. त्यामुळे ‘एव्हीएम आढळले नाही’ याचा अर्थ ते नव्हतेच, असा होत नाही.

आधी पडले की आधी रक्तस्राव?

विम्यासाठी आणि मनाच्या शांतीसाठीही हा प्रश्न महत्त्वाचा. डोक्याच्या त्वचेखालील मार, कवटीचे फ्रॅक्चर, मेंदूवरील जखमा आणि रक्तस्रावाची जागा यांचा एकत्रित विचार करून डॉक्टर मत देतात.

घरातील इतरांनी काय करावे?

एव्हीएम बहुतेक वेळा आनुवंशिक नसते. मात्र पुढील बाबी असल्यास न्यूरोलॉजिस्टचा सल्ला घ्या :

- आई-वडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना किंवा अधिक जणांना अ‍ॅन्युरिझम
- घरात पॉलिसिस्टिक किडनीचा आजार
- घरातील अनेकांच्या नाकातून वारंवार रक्त येणे
- अहवालात एकापेक्षा जास्त कॅव्हर्नोमा

गरज वाटल्यास ते एमआरआय किंवा अँजिओग्राफी सांगतील. बीपी मात्र सर्वांनीच तपासावा आणि तंबाखू, सिगारेट सोडावी.

‘त्या दिवशी आम्ही रागावलो म्हणून झाले का?’ असेही लोक विचारतात. रागावल्याने असा गुंता किंवा फुगा तयार होत नाही. तो आधीपासूनच असतो, आणि फुटेपर्यंत अनेकदा काहीच लक्षण देत नाही.

आयुष्यात कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू झाली, उलटी, फिट, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूला अशक्तपणा आला, तर घरगुती उपाय करत थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.