अटलांटिकच्या तळाचे व्हॉल्व्ह

आमच्या घरी व्हॉल्व्हचा जुना रेडिओ होता. चालू केला की तापायला मिनिटभर घेई, आणि मधूनमधून त्याचा एखादा व्हॉल्व्ह जाई. मग वडील तो बसमधून म्हापशाला दुरुस्तीला नेत. तशाच जातीचे व्हॉल्व्ह अटलांटिकच्या तळाशी बावीस वर्षे चालले हे वाचले, तेव्हा आधी खरेच वाटेना.

युरोप-अमेरिकेत टिकाऊ तार १८६६ पासून होती. पण माणसाचा आवाज एवढ्या लांब वायरीतून जाताना विरून जातो. त्याला वाटेत पुन्हा पुन्हा जोर द्यावा लागतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर हवेत, आणि तेही समुद्राच्या तळाशी! तिथे दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. चार हजार मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४०० किलोंचा भार. काचेच्या व्हॉल्व्हचा तिथे चुराच व्हायचा.

अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजने ते व्हॉल्व्ह एकापुढे एक ठेवलेल्या पोलादी कड्यांच्या आत बसवले आणि वरून तांब्याची नळी चढवली. दाब कड्यांनी सोसायचा. कडी सुटी असल्यामुळे हा भाग केबलबरोबरच वाकायचा आणि जहाजाच्या चाकावरून सरळ पाण्यात उतरायचा.

दाबाचे असे निभावले. पण एक व्हॉल्व्ह गेला तरी सगळी केबल मुकी होणार, आणि खोल समुद्रातून ती उपसून काढावी लागणार. ट्रान्झिस्टरचा शोध याच बेल लॅबोरेटरीजमध्ये १९४७ साली लागला होता. तरी त्यांनी तो इथे वापरला नाही! वीस वर्षांनी त्याचे काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. वर्षानुवर्षे चालवून पारखलेला जुना व्हॉल्व्हच त्यांनी घेतला, आणि १९५० साली की वेस्ट-हवाना केबलवर आधी त्याची परीक्षा पाहिली.

२५ सप्टेंबर १९५६ रोजी स्कॉटलंड ते न्यूफाउंडलंड ‘टॅट-१’ सुरू झाली. जाण्याची एक, येण्याची एक अशा दोन केबली, प्रत्येकीवर ५१ रिपीटर, प्रत्येकात तीन व्हॉल्व्ह, एकूण ३०६. सुरुवातीला एका वेळी ३६ संभाषणे चालत. १९७८ साली ती बंद केली, तोवर त्यांतला एकही व्हॉल्व्ह गेला नव्हता.

नवे हाती आले की जुने टाकायची आपल्याला केवढी घाई असते! आमच्या रेडिओला म्हापसा होते. त्या ३०६ व्हॉल्व्हना कोणीच नव्हते, म्हणून त्यांची सगळी काळजी पाण्यात सोडण्याआधीच घ्यावी लागली.