जुना एसएमपीएस नव्या कॉम्प्युटरला चालेल का? स्क्रू खोलण्याआधी हे तपासा

नवा कॉम्प्युटर जुळवताना प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि एसएसडी एवढं घेतलं की बजेट संपत आलेलं असतं. मग नजर जाते घरातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे. त्याचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा, अजून चालू आहे. पंखा फिरतोय. तोच काढून लावला तर तीन-चार हजार वाचतील, असं कुणालाही वाटेल.

थोडक्यात उत्तर असं: एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असेल, पाच वर्षांच्या आतला असेल, त्याचे सगळे प्लग थेट बसत असतील आणि १२ व्होल्टच्या लाइनवर पुरेसे अँपिअर असतील, तर खुशाल वापरा. या चारपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर नवा घ्या. आता हे चार मुद्दे कसे तपासायचे ते बघू.

फोनच्या चार्जरसारखं हे नाही

जुना चार्जर नव्या फोनला लावला तर काय होतं? फोन हळू चार्ज होतो, एवढंच. चार्जरला किती झेपतं हे फोन आधी ओळखतो आणि तेवढाच करंट घेतो.

कॉम्प्युटरमध्ये असं होत नाही. साधा एसएमपीएस मदरबोर्डला फक्त एवढंच कळवतो की व्होल्टेज तयार आहे. आपल्याला किती वॅट झेपतात हे तो सांगत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डला जेवढं लागतं तेवढं ते ओढतात. चांगला एसएमपीएस जास्त लोड आला की स्वतःला बंद करतो. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये ही संरक्षणाची सर्किट्स बऱ्याचदा नसतात किंवा नावापुरती असतात. तो जाताना मदरबोर्ड किंवा एसएसडीसुद्धा घेऊन जाऊ शकतो. तीन हजार वाचवायला गेलो आणि तीस हजारांचं सामान पणाला लावलं, असं व्हायला नको.

१. प्लग बसतात का?

- मदरबोर्डचा मुख्य प्लग: आज २४ पिनचा लागतो. २००३ मध्ये आलेल्या एटीएक्स १२व्ही २.० या मानकाने २० पिनांच्या जागी २४ पिन आणल्या. तुमच्याकडे फक्त २० पिनचा प्लग असेल तर तो डबा विसरा. त्या काळच्या डिझाइनमध्ये जास्त ताकद ५ व्होल्टच्या लाइनवर असायची. आजचा प्रोसेसर १२ व्होल्टवर चालतो.
- प्रोसेसरचा प्लग: मदरबोर्डवर ८ पिनची जागा आणि एसएमपीएसला फक्त ४ पिन असतील, तर तो छोट्या लोडसाठी बनलेला आहे असं समजा.
- ग्राफिक्स कार्डचा प्लग: स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनचा प्लग आणखी ७५ आणि ८ पिनचा प्लग १५० वॅट देतो. प्लगच नसेल तर कन्व्हर्टर लावून जुगाड करू नका. वायर गरम होऊन प्लग वितळू शकतो.
- मॉड्युलर केबल: एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या केबल एका मॉडेलच्या दुसऱ्याला लावू नका. डब्याकडच्या बाजूला कुठलंही मानक नाही. प्लग बसेल, पण पिनांचा क्रम वेगळा असला तर पहिल्याच स्टार्टला हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळेल.

ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड डेल, एचपी किंवा लेनोवो मशीन घेतला असेल, तर त्याचा एसएमपीएस बहुतेक वेळा नव्या मदरबोर्डला उपयोगाचा नसतो. अनेक मॉडेलमध्ये प्लगही वेगळा आणि डब्याचा आकारही वेगळा असतो.

२. स्टिकरवरचे वॅट नाही, १२ व्होल्टचे अँपिअर वाचा

बॉक्सवर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' लिहिलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवा आणि खालचा तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा.

समजा कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला १४ अँपिअर लिहिलेत. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. तुमच्या कामाची खरी ताकद एवढीच. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेले असतात, ज्यांची आजच्या मशीनला फारशी गरज नसते. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या डब्यावर हाच आकडा साधारण ३० अँपिअरच्या पुढे असतो. स्टिकरवर १२ व्होल्टच्या दोन लाइन दिसल्या तर त्यांची सरळ बेरीज करू नका. दोन्हींची मिळून वॅटची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती धरा.

आता गरज मोजू. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना मिळून ५० वॅट धरा.

*अभ्यास आणि ऑफिसचं मशीन:* रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत घेतो. ८८ अधिक ५० म्हणजे १३८ वॅट, म्हणजे ११.५ अँपिअर. त्यावर ३० टक्के मोकळीक ठेवली की १५ अँपिअर लागतात. वरचा १४ अँपिअरचा डबा इथेच नापास झाला, तोही ग्राफिक्स कार्ड नसताना.

*गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगचं मशीन:* कोअर आय५ १२४००एफ जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट. त्यात ५० मिळवले की २८२ वॅट, म्हणजे २३.५ अँपिअर. मोकळीक धरून साधारण ३१ अँपिअर. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते.

ही मोकळीक कशाला? ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी लिहिलेल्या आकड्याच्या बरंच वर जातं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात मोठ्या एसएमपीएसने असे दुपटीपर्यंतचे क्षणिक झटके सोसावेत अशी अट आहे. जुन्या डब्यांसाठी अशी अट नव्हती. म्हणून गेम सुरू केल्यावरच मशीन अचानक बंद पडत असेल, तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या.

३. वय आणि उन्हाळा

एसएमपीएसमध्ये सगळ्यात आधी थकतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. जालन्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून गरम असतं. त्यात जाळीवर धूळ बसलेली असेल तर हवाच फिरत नाही. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत पाच उन्हाळे काढलेला एसएमपीएस आणि एसीच्या ऑफिसात पाच वर्षं चाललेला एसएमपीएस सारखे नसतात.

जाळीतून टॉर्च मारून बघा. कपॅसिटरचं डोकं फुगलंय, तपकिरी द्रव सुकलाय, जळका वास येतोय किंवा पंखा घरघर करतोय, तर विषय संपला. डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.

४. आपल्याकडची लाइट

- लाल स्विच: जुन्या डब्यामागे ११५/२३० असा छोटा लाल स्विच असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून प्लग लावला तर धडाका होतो.
- कमी व्होल्टेज: शेतीपंप सुरू झाले की तुमच्या गावात व्होल्टेज पडत असेल, तर स्टिकरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस बरा.
- इन्व्हर्टर: आधी लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालू राहायचा आणि हल्ली इन्व्हर्टरवर जाताना रीस्टार्ट होतो? कपॅसिटर थकल्याची ही खूण असू शकते. त्याआधी इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का ते बघा. नवा घेणार असाल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसला साइन वेव्ह इन्व्हर्टर चांगला. स्क्वेअर वेव्हवर काही मॉडेल बंद पडतात.
- अर्थिंग: कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील, तर बहुतेक वेळा एसएमपीएस नाही, घरातलं अर्थिंग गेलेलं असतं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. इलेक्ट्रिशियनला दाखवा. हे न करता नवा डबा आणला तरी मुंग्या येणारच.

५. शेवटची चाचणी

हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणं ही खरी चाचणी नाही. डबा सुरू होतो, एवढंच त्यातून कळतं. जुनं मशीन खोलण्याआधीच त्यावर जड गेम किंवा व्हिडिओ रेंडर लावा आणि मोकळ्या चार पिनच्या प्लगवर मल्टिमीटर धरा. पिवळी-काळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दाखवायला हवी. लोड आल्यावर आकडा या हद्दीबाहेर गेला तर डबा नापास. मल्टिमीटरची सवय नसेल तर हे काम रिपेअरिंगवाल्याकडून करून घ्या. पिना एकमेकींना टेकल्या तर शॉर्ट होईल.

मग बजेटचं काय?

पैसे कमीच पडत असतील तर काचेचं, लाइटवालं कॅबिनेट सोडा. ग्राफिक्स कार्ड नंतर घ्या आणि तोवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम भागवा. जुनं कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड बिनधास्त वापरा. चांगल्या एसएमपीएसवर तीन ते पाच वर्षांची वॉरंटी मिळते, त्यामुळे पुढच्या अपग्रेडलाही तोच कामी येतो. बिल आणि बॉक्स जपून ठेवा.

बाद झालेला डबा भंगारात टाकू नका, कारण तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्याखाली नोंदणी झालेल्या रिसायकलरपर्यंत तो पोहोचेल असं बघा. नवा एसएमपीएस घेताना दुकानदाराला जुना परत घेता का, हेही विचारा.