लिंक कोणाला दिसावी?

टिम बर्नर्स-ली यांच्या सुरुवातीच्या वेबवर लिंक सगळ्यांना सारखीच दिसे. पान म्हणजे साठवून ठेवलेली फाइल. ती कोण वाचतो आहे, याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. १९९५ साली रासमस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची साधने खुली केली, १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एएसपी आले, आणि एचटीएमएलच्या मधोमध ‘इफ’ लिहिणे सोपे झाले. वाचकाने लॉगिन केले असेल तर ‘लॉगआउट’ दाखवा; मजकूर त्याचाच असेल तरच ‘एडिट’. अट किरकोळ, पण तिच्यामुळे कोणाला कसला अधिकार आहे हा प्रश्न पानाच्या मांडणीत शिरला. टेम्प्लेटवरचे, म्हणजे पानाच्या अशा साच्यावरचे, पुढचे बरेचसे वाद या शिरकावाचेच आहेत, आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष असा, की टेम्प्लेटने अधिकार विचारावा, ठरवू नये.

अट मुळातच नको, असे कोणी म्हणेल. टेरेन्स पार यांनी २००४ च्या निबंधात मॉडेल (माहिती आणि तिचे नियम) आणि व्ह्यू (मांडणी) यांची काटेकोर फारकत मागितली. २००५ मध्ये खुल्या झालेल्या जँगो या वेब-फ्रेमवर्कने टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवली. २००९ ची मस्टॅश ही टेम्प्लेट-भाषा तर लॉजिक नसल्याचेच भूषण मिरवते. तरीही अट कोणालाच टाळता आली नाही. पार यांच्याच स्ट्रिंगटेम्प्लेट या टेम्प्लेट-इंजिनमध्ये ‘इफ’ आहे, फक्त त्यात तुलना करता येत नाही. मस्टॅशमध्ये एखाद्या मूल्याला बांधलेला मजकुराचा भाग ते मूल्य खोटे निघाले की गळतो. जँगोने तर २०१० च्या १.२ आवृत्तीत ‘इफ’ला तुलनेची चिन्हेही दिली. म्हणजे खरा वाद अट असावी की नसावी हा नव्हता. तिच्यात किती मावावे, हा होता.

सगळ्या अटी एका जातीच्याही नाहीत. रूबी ऑन रेल्स या वेब-फ्रेमवर्कमधले ‘लिंक_टू_अनलेस_करंट’ उघड्या पानाच्या लिंकऐवजी नुसते नाव छापते. हा निव्वळ मांडणीचा निर्णय, तो टेम्प्लेटमध्येच शोभतो. अधिकाराचे तसे नाही. ‘मालक किंवा व्यवस्थापक’ ही अट दहा पानांवर लिहिली, की नियम बदलल्यावर एखादे पान हमखास राहून जाते. रायन बेट्स यांच्या कॅनकॅन या रेल्ससाठीच्या लायब्ररीने नियम एका ठिकाणी आणले. टेम्प्लेट फक्त ‘कॅन?’ विचारते आणि विनंती हाताळणारा कंट्रोलरही तोच नियम तपासतो.

मग कंट्रोलर अडवणारच असेल, तर लिंक लपवायची कशाला? कारण दिसणारी लिंक हे वाचकाला दिलेले आश्वासन असते. ते देऊन दारात नकार देणे हा उद्धटपणा झाला. पण लपवणे म्हणजे कुलूप नव्हे: पत्ता ठाऊक असलेल्याला लिंकची गरजच नसते. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या धोक्यांच्या २००७ च्या यादीत यूआरएलवर निर्बंध न घालणे हा दहावा धोका होता. २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातल्या त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत. टेम्प्लेटमधली अट वाचकाच्या सोयीपुरती आहे. सुरक्षेचा हिशेब मांडताना ती धरूच नये.