लेक डिस्ट्रिक्ट हिवाळ्यात, मोटारीविना: दोघांच्या सप्ताहअखेरीचे नियोजन

गोव्यातील अनेक कुटुंबांतील कोणी ना कोणी आज स्विंडन, साउथॉल किंवा लेस्टर येथे स्थायिक आहे. डिसेंबर-जानेवारीत जोडून सुट्टी मिळाली आणि गावचा किंवा महाविद्यालयातला मित्र तेथे भेटीला आला, की दोन दिवस कोठे जावे हा विषय निघतो आणि इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टचे नाव हमखास पुढे येते. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, गाडी कोण चालवणार? दुतर्फा दगडी गडगे असलेले अरुंद रस्ते, पहाटे त्यांवर साचणारे बर्फ आणि दुपारी चारपासूनचा अंधार पाहता नवख्याने तेथे भाड्याची मोटार हाकू नये, हेच बरे. मोटारीविनाही हा प्रदेश उत्तम पाहता येतो. मात्र उन्हाळ्यातील माहितीवर हिवाळ्याचा बेत आखला, तर तो पहिल्याच संध्याकाळी फसतो.

लेक डिस्ट्रिक्ट हे १९५१ साली घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. २०१६ मधील विस्तारानंतर त्याचे क्षेत्रफळ २,३६२ चौरस किलोमीटर झाले आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला. नावात ‘लेक’ असले तरी अधिकृत नावात ‘लेक’ हा शब्द मिरवणारे सरोवर एकच, बॅसनथ्वेट. बाकीची ‘मिअर’ किंवा ‘वॉटर’, आणि डोंगरकुशीतील लहान तळी म्हणजे ‘टार्न’. डोंगराला तेथे ‘फेल’ म्हणतात. नकाशा वाचताना हे चार शब्द ठाऊक असले की पुरे.

हिवाळी नियोजनाची सुरुवात सूर्यास्तापासून करावी लागते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजण्यापूर्वी मावळतो. गोव्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असतो, तेथे तो जेमतेम सव्वासात तासांचा भरतो. डोंगरांच्या सावलीतील दऱ्यांत तर तीन वाजताच दिवेलागणीची वेळ झाल्यासारखे वाटते. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र सूर्यास्त साडेपाचपर्यंत लांबतो. तारखा निवडण्याची मुभा असेल, तर नाताळाच्या आठवड्यापेक्षा फेब्रुवारीचा उत्तरार्ध सरस ठरतो. दिवस मोठा मिळतो, गर्दी कमी असते आणि २५ डिसेंबरला रेल्वे व बसगाड्या बंद असतात, ती अडचणही टळते. पर्वतमाथ्यावर बर्फ तेव्हाही असतेच.

रेल्वेने कोठपर्यंत?

लंडनच्या यूस्टन स्थानकातून ऑक्सनहोम हे जंक्शन सुमारे पावणेतीन तासांवर आहे. तेथून एकेरी मार्गाची छोटी गाडी केंडल, बर्नसाइड, स्टेव्हली अशी थांबत वीस मिनिटांत विंडरमिअरला पोहोचते. हा फाटा १८४७ मध्ये सुरू झाला. त्याला जोरदार विरोध करणाऱ्यांत कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ अग्रभागी होते. १८४४ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध सुनीत लिहिले आणि वृत्तपत्राला पत्रेही पाठवली. निसर्गाची शांतता यंत्राने आणि गर्दीने भंगेल, ही त्यांची भीती होती. रेल्वे आली, पण सरोवरापासून दोन-अडीच किलोमीटर अलीकडे थांबली आणि पुढे अँबलसाइड-ग्रासमिअरकडे कधीच गेली नाही. गंमत अशी, की आज त्याच खोऱ्याला मोटारींच्या रांगांपासून थोडीफार सुटका मिळते ती याच रेल्वेमुळे.

तिकीट काढताना स्विंडन किंवा लंडनपासून विंडरमिअरपर्यंत एकच सलग तिकीट घ्यावे. मुख्य गाडी उशिरा पोहोचून फाट्यावरची शेवटची गाडी चुकली, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी अशा वेळी रेल्वेकडे राहते. आगाऊ आरक्षणाची तिकिटे बरीच स्वस्त असतात, पण ती ठरावीक गाडीलाच चालतात. दोघे सर्व प्रवास बरोबरच करणार असतील, तर ‘टू टुगेदर’ हे सवलतपत्र पाहावे. दोघांच्या छायाचित्रांसह मिळणारे हे पत्र वर्षभर चालते आणि भाड्यात एक तृतीयांश सूट देते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपूर्वी ते लागू होत नाही, शनिवार-रविवारी वेळेचे बंधन नाही. रुळांच्या दुरुस्तीची कामे बहुधा शनिवार-रविवारीच निघतात आणि तेव्हा गाडीऐवजी बस धावते. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी त्या सप्ताहअखेरीचे वेळापत्रक पाहणे आवश्यक.

मुक्काम एकच, तोही अँबलसाइडला

दोन दिवसांत दोन मुक्काम करू नयेत. सामान बांधणे-सोडणे यातच सव्वासात तासांतले दोन तास निघून जातात. विंडरमिअर स्थानकाजवळची गावे सोयीची आहेत, पण अँबलसाइड अधिक मोक्याचे आहे. ते सरोवराच्या उत्तर टोकाशी आहे. केंडल, विंडरमिअर, ग्रासमिअर, केझिक हा मुख्य मार्ग जोडणारी ५५५ क्रमांकाची बस तेथून जाते आणि कॉनिस्टनकडील व लँगडेल खोऱ्याकडील बसही तेथेच मिळतात. सरोवराच्या काठावर यूथ हॉस्टेल आहे, गावात घरगुती निवास आहेत आणि शाकाहारी वाचकांसाठी सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे चित्रपटगृहाला जोडून एक शाकाहारी इटालियन उपाहारगृहही आहे. शुक्रवारी रात्री उशिरा पोहोचणार असल्यास जेवण गाडीतच उरकावे. हिवाळ्यात लहान गावांतली स्वयंपाकघरे लवकर बंद होतात.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून बहुतेक स्थानिक बसच्या एकेरी प्रवासाला कमाल ३ पाउंड भाड्याची मर्यादा लागू झाली. दिवसातून तीनदा बस बदलायची असेल, तर दिवसाचा पास परवडतो का हे चालकाला विचारावे. हिवाळी वेळापत्रक वेगळे असते. फेऱ्या घटतात, रविवारी आणखी घटतात आणि काही मार्ग पूर्ण बंद राहतात. होनिस्टर खिंडीतून जाणारी ७७ क्रमांकाची बस किंवा कर्कस्टोन खिंड ओलांडणारी फेरी ही उन्हाळ्यापुरतीच असते. वॉस्डेलला तर नियमित बसच नाही. इंग्लंडचे सर्वांत खोल सरोवर तेथे आहे आणि ९७८ मीटरचे सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइकही त्याच्याच उशाशी आहे, पण हिवाळ्यातल्या दोन दिवसांच्या मोटारीविना बेतातून ते खोरे वगळावे.

बसने जावे, पायी परतावे

मोटारीविना फिरणाऱ्यांची नेहमीची चूक एकच. ते मुक्कामावरून चालत निघतात आणि परतीसाठी बसवर विसंबतात. मग पाय दुखू लागतात, वाट चिखलात हरवते, एक छायाचित्र काढता काढता अर्धा तास जातो आणि शेवटची बस डोळ्यांदेखत निघून जाते. कदंबची रात्रीची शेवटची बस चुकल्यावर गावाकडे कसे पोहोचायचे, याची विवंचना ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की तेथे शून्याजवळचे तापमान आणि काळोखातून वेगाने जाणारी वाहने असलेला रस्ता वाट्याला येतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. सकाळी बसने दूरच्या टोकाला जावे आणि चालत आपल्या बिछान्याकडे यावे. बस उशिरा आली तर हानी सकाळची होते, संध्याकाळची नाही. मोटार असलेल्यांना हे सुख नाही. त्यांना जेथून निघाले तेथेच, गाडीपाशी, परतावे लागते.

शनिवारसाठी ग्रासमिअर ते अँबलसाइड ही सुमारे सहा किलोमीटरची वाट या पद्धतीस चपखल बसते. पहिल्या उजेडात बस पकडली, की पंधरा-वीस मिनिटांत ग्रासमिअर येते. सेंट ओसवल्ड चर्चच्या आवारात वर्ड्‌स्वर्थ कुटुंबाच्या समाध्या आहेत. शेजारच्या जुन्या शाळेच्या इमारतीत सेरा नेल्सन हिने १८५४ मध्ये सुरू केलेले आल्याच्या खुसखुशीत वड्यांचे दुकान आजही चालते. गावाबाहेर डव्ह कॉटेज आहे. डिसेंबर १७९९ मध्ये विल्यम आणि त्यांची बहीण डॉरोथी ऐन थंडीत यॉर्कशरकडून, बराचसा डोंगरी प्रवास पायी करून, येथे राहायला आली. वास्तूचे हिवाळी दिवस मर्यादित असतात, ते आधी पाहून ठेवावेत.

तेथून पुढे जुनी ‘प्रेतवाट’ लागते. रायडल-अँबलसाइड परिसरातील मृतांना ग्रासमिअरच्या चर्चमध्ये दफनासाठी याच वाटेने खांद्यावरून नेत. वाहणाऱ्यांनी शवपेटी टेकवून विसावा घ्यावा म्हणून ठेवलेले सपाट दगड अजून दिसतात. नाव अभद्र असले तरी वाट सौम्य आहे. ती डोंगराच्या कमरेवरून जाते, खाली रायडल वॉटर दिसत राहते आणि हिवाळ्यात झाडे निष्पर्ण झाल्याने उन्हाळ्यात झाकलेली दृश्ये मोकळी होतात. थांबत, खात-पीत चालले तरी साडेतीन तासांहून अधिक लागत नाहीत. मध्ये रायडलला ५५५ बसचा थांबा असल्याने कोणी थकल्यास सुटकेची सोयही आहे. दुपारी तीनपर्यंत अँबलसाइडला पोहोचावे, अशा बेताने निघावे.

या प्रदेशाचे सर्वांत प्रसिद्ध वाटाडे आल्फ्रेड वेनराइट हेही मोटार चालवत नसत. केंडल नगरपालिकेच्या कोषागारात नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने सुट्टीच्या दिवशी बसने जाऊन २१४ शिखरे पालथी घातली आणि १९५५ ते १९६६ या काळात हाताने लिहिलेले, रेखाटलेले सात खंड सिद्ध केले.

पाऊस, बर्फ आणि दोघांमधला करार

गोवेकरांना पावसाचे कौतुक नाही, तरीही तेथील पावसाला कमी लेखू नये. बॉरोडेलमधील सीथवेट हे इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांपैकी एक असून तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे पावसाचा भर चार महिने असतो, तेथे तो बारमाही आणि हिवाळ्यात अधिक असतो. डिसेंबर २०१५ मध्ये ‘डेस्मंड’ वादळात होनिस्टर येथे २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला. ग्रासमिअर व केझिक यांमधला मुख्य रस्ता वाहून गेला आणि तो पुन्हा सुरू व्हायला मे उजाडला. ५५५ बस याच रस्त्याने जाते. वादळाचा इशारा असेल, तर बेत पुढे ढकलणे यात कमीपणा नाही.

खाली सरोवरकाठी ओले गवत असताना आठशे मीटरवर कडक बर्फ असते. हेलवेलिन शिखरावर हिवाळ्यात रोज एक निरीक्षक चढून तेथील बर्फ, वारा आणि तापमान यांची नोंद प्रसिद्ध करतो. ही ‘वेदरलाइन’ सेवा विनामूल्य आहे. बर्फावर चालण्याचे लोखंडी दाते, बर्फकुऱ्हाड आणि त्यांचा सराव नसेल, तर ती नोंद वाचून समाधान मानावे आणि दरीतल्या वाटांवर राहावे. हेलवेलिनच्या स्ट्रायडिंग एज धारेवर हिवाळ्यात अनुभवी गिर्यारोहकांचेही प्राण गेले आहेत.

दोघे जाताना वेग हा नाजूक विषय असतो. एकाला शिखर हवे असते, दुसऱ्याला गरम चहा. हे वाटेत, वाऱ्यात उभे राहून ठरवू नये. आदल्या रात्रीच परत फिरण्याची वेळ पक्की करावी. ती झाली, की शिखर शंभर पावलांवर असले तरी वळायचे. चाल हळू चालणाऱ्याची असावी आणि कोणीही एकाने पुढे जाऊन ‘तेथे भेटू’ म्हणू नये. प्रत्येकाकडे स्वतंत्र डोक्याचा दिवा, शिटी, जलरोधक कपडे आणि कोरडे मोजे हवेत. एकाच दिव्यावर दोघांनी भागवणे म्हणजे संकटाला निमंत्रण. भ्रमणध्वनीची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा, अँबलसाइड-विंडरमिअरसाठी ओएल ७, जवळ ठेवावा. खिशात केंडल मिंट केक असू द्यावा. साखर आणि पेपरमिंटची ही वडी चवीला काही थोर नाही, पण १९५३ मध्ये ती एव्हरेस्टपर्यंत गेली होती. अपघात झाल्यास ९९९ वर पोलिसांमार्फत पर्वतीय बचाव पथक मागावे. संपर्क नसेल, तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. पथकातील सारे स्वयंसेवक असतात आणि ते शुल्क घेत नाहीत.

रविवार सरोवराचा

रविवारी बसवर शक्य तितके कमी अवलंबून राहावे. अँबलसाइडहून वॉटरहेड धक्का चालत वीस मिनिटांवर आहे. विंडरमिअरवरील प्रवासी नौका हिवाळ्यातही चालतात, फक्त फेऱ्या मोजक्या असतात. नौकेने बोनेसला उतरावे आणि चढाच्या रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासात स्थानक गाठावे. स्थानकासमोरूनच २३८ मीटर उंचीच्या ऑरेस्ट हेडची वाट फुटते. चढायला अर्धा तास पुरतो. १९३० मध्ये ब्लॅकबर्नहून आलेल्या तेवीस वर्षांच्या वेनराइट यांनी चुलतभावाबरोबर हाच माथा चढून या डोंगरांचे पहिले दर्शन घेतले होते. निरभ्र दुपारी खाली पूर्ण सरोवर आणि पलीकडे बर्फाच्छादित रांगा दिसतात. स्थानकावरच्या गाडीच्या वेळेआधी किमान तासभर उतरायला सुरुवात करावी आणि गाडी चारनंतरची असेल, तर दिवा पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच ठेवावा.